बिऱ्हाड हलवायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?

या वेळी तीन पत्रं घेतली, तिन्ही घर बदलण्याचीच आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, पण त्या ताईंनी जे विचारलं ते गावोगावच्या सुना विचारून राहिल्या आहेत म्हणून लांबू दिलं.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यावर राहतो. सहा एकर शेती आहे, ती यंदा बटईनं दिली कारण मिस्टरांची नोकरी अमरावतीला आहे अन् रोजचं जाणं-येणं आता झेपत नाही, पोरीची पण पुढच्या वर्षी आठवी आहे. अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं पाहून ठेवला, लिफ्ट आहे. मे महिन्यात जायचं म्हणतात. पण घरात चाळीस वर्षांचं सामान आहे ताई, धान्याच्या कोठ्या, गव्हाचे कट्टे, पितळी भांडे, सासूबाईंची बाज, लोखंडी कपाट, महालक्ष्म्या. मिस्टर म्हणतात एक मोठी गाडी करू अन् एका दिवसात सगळं टाकून नेऊ. सासूबाई बहात्तरच्या आहेत, त्या म्हणतात "माह्या पाट्या-वरवंट्याशिवाय मी येत नाई, तुमी जा." मला रात्री झोप येऊन नाही राहिली. काय न्यावं, काय ठेवावं, सुरुवातच समजून नाही राहिली.
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: ताई, आधी मिस्टरांना म्हणा की गाडीवाल्याशी अजून बोलू नका. पहिली खेप माणसांची करा. तुम्ही दोघं, पोरगी आणि सासूबाई, एखाद्या शनिवारी दोन चादरी, एक मोजायचा टेप, तांब्या आणि जेवणाचा डबा घेऊन त्या रिकाम्या फ्लॅटवर जा आणि एक रात्र तिथंच झोपा. आमच्या ह्यांची बदलीची नोकरी होती, धारणी, वरूड, पुसद, वाशिम असं करत सात घरं बदलली मी, आणि ज्या घरी आधी एक रात्र झोपून आलो तिथं सामान लावताना घरात आवाज चढला नाही, जिथं नाही झोपलो तिथं महिनाभर इकडचं कपाट तिकडं सरकवत बसलो.

त्या एका रात्रीत किती कळतं पहा. नळ किती वाजता येतो, तिसऱ्या मजल्यावर धार किती, टाकी कोण भरतं, मोटर कोण लावतं. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, तुमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरसारखं भांड्यावर पांढरा थर धरणारं नाही, त्यामुळं ते मोठाले ड्रम न्यायचे की नाही हे तिथं राहूनच ठरेल. दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं तेही पहा. आपल्याकडं पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये तव्यासारखी तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत हात लावू देत नाही, सासूबाईंची बाज त्या भिंतीला चुकूनही लागायला नको. मोबाईलला रेंज कुठं मिळते, लिफ्ट रात्री बंद करतात का, लाईट गेली की लिफ्ट चालते का, हे सगळं शेजारच्या दाराशी दोन मिनिटं बोललात की समजते.

आणि टेप लावा. मेन दरवाजा, लिफ्टचा दरवाजा आणि आतली खोली, जिन्याचं वळण, ओट्याखालची जागा, कुलर लावायची खिडकी. सगळं पोरीच्या वहीत लिहून आणा आणि गावी येऊन कपाट, दिवाण, फ्रीज, कुलर मोजा. पुसदला आमचं साडेसहा फुटी लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं होतं, चार माणसं वर ना खाली, अर्धा तास तसंच धरून उभी, एकाची बोटं भिंत आणि पत्र्यामध्ये चेंगरली, शेवटी कपाट खाली उतरवून घरमालकाच्या पडवीत ठेवलं आणि पंधरा दिवसांनी मिळेल त्या भावात विकून टाकलं. लग्नात माहेराहून आलेलं कपाट होतं ते. टेप लावायला दोन मिनिटं लागली असती.

आता सासूबाईंचं. ताई, मला वाटते तुमची झोप सामानामुळं नाही, याच्यामुळं उडाली आहे. त्यांना घरातले सगळे विचारत असतील की "आई, हे टाकून द्यायचं का, ते ठेवायचं का". असं विचारलं की म्हाताऱ्या माणसाला वाटते आपलाच हिशोब लागून राहिला. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, तुमचं काय काय सोबत घेऊ?" त्या सांगतील तेवढं तुमच्या हातानं वेगळं काढून ठेवा, त्यांच्या समोर. पाटा-वरवंटा न्याच. खाली जाड गोणपाट टाकलं की पाट्याचा खालच्या घरी काही त्रास होत नाही. उखळ आणि जातं मात्र गावी राहू द्या, उखळात कांडलेलं तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत ऐकू जाते, हे त्यांनाही पटेल. बाज पण न्या, दिवसा गॅलरीत उभी करून ठेवता येते.

माझ्या सासूबाई वाशिमला येताना वरवंटा गाडीत टाकू देईनात. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या, पुसदपासून वाशिमपर्यंत, मधे गाडी खड्ड्यात आदळली की दोन्ही हातांनी धरायच्या जसं काही लेकरू आहे. तिथं पोचल्यावर मी आधी त्यांचा कोपरा लावला, बाज, पेटी, देव, पाण्याचा गडू, आणि मग बाकीचं सामान वर आणलं. त्या बाजेवर बसून आम्हाला सांगत होत्या कोणतं चुंगडं (पोतं) कुठं ठेवायचं. तुम्ही पण तसंच करा, त्यांचा कोपरा पहिला.

महालक्ष्म्यांचं त्यांनाच बांधू द्या. मुखवटे जुन्या सुती लुगड्यात, वर घरचा कापूस दाबून, डब्यात घालून गाडीत मागं न टाकता मांडीवर. छोट्या कोठ्या न्यायच्या असतील आणि त्या एकात एक बसत असतील तर त्यांच्या आत साड्या भरा, जागा वाचते आणि पत्रा पण चेपत नाही.

घरचा कापूस म्हटलं तर बरण्या आणि काचेचं सामान पण त्याच्यातच बांधा, थर्माकोल विकत आणायची गरज काय. फक्त कुटारात, म्हणजे पिकाच्या भुशात, बांधू नका, भाऊ-दीर म्हणतात कुटार फुकटचं आहे, पण त्याच्यातले बारीक किडे फ्लॅटमध्ये शिरले की निघत नाहीत. लोणच्याच्या बरणीला तोंडावर प्लास्टिक, त्याच्यावर कापड आणि सुतळी, आणि बरणी उभीच. मुगवड्या, कुरडया, सरगुंडे स्टीलच्या डब्यात. खताच्या रिकाम्या चुंगड्या वापरायच्या तर दोन पाण्यानं धुऊन वाळवून घ्या आणि त्यात भांडी-कपडे नको, चपला, दोऱ्या, बादल्या असलं काही भरा. बियाण्याच्या पिशव्या तर नकोच, त्या बियाण्याला औषध लावलेलं असते. प्रत्येक चुंगड्यावर मार्करनं मोठं लिहा, आत काय आहे ते नाही लिहिलं तरी चालेल पण कोणत्या खोलीत जायचं ते लिहाच, उचलणाऱ्याला तेवढंच लागते.

धान्य. इथं जरा थांबते कारण हे जिवाचं काम आहे. मोठ्या कोठ्या नेऊ नका, महिन्या-दोन महिन्याचे गहू, ज्वारी, तुरीची डाळ न्या आणि बाकी गावीच राहू द्या, मिस्टर शेतीच्या कामानं गावी जातीलच तेव्हा थोडं थोडं आणतील. पण गावी कोठीत टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागू नये म्हणून ज्या गोळ्या टाकतो, त्या गोळ्या किंवा त्या टाकलेलं धान्य फ्लॅटमध्ये अजिबात नेऊ नका. त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. फ्लॅटच्या बंद खोलीत, दारं लावून झोपलेल्या माणसांना तो मारतो, आणि लहान लेकरांना आधी. नेण्याचं धान्य कडक उन्हात दोन दिवस वाळवा, थंड झाल्यावर कोरड्या डब्यात भरा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, झालं. फवारणीचं औषध, पंप, उरलेल्या बाटल्या यातलं काहीही गाडीत चढू देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले ते आपण पाहिलं आहे, ते तर मोकळ्या शेतात होते.

मे महिन्याचं मला पटत नाही. पोरीची परीक्षा आटोपली की एप्रिलमध्येच करा, आणि तेही पहाटे. चार वाजता भरायला सुरुवात, उन्हं चढायच्या आत अमरावती. मेमधल्या दुपारी पंचेचाळीस डिग्रीत लोखंडी कपाट उचलणाऱ्या माणसाचा विचार करा. पावसाळ्यापर्यंत ढकलाल तर तुमच्याकडची काळी माती, एक सर आली की गाडी गावातून निघायची नाही. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळं एप्रिलमध्ये गेलात तर पोरीला घर अंगवळणी पडायला दोन महिने मिळतात. सासूबाई अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरत असतील तर त्या दिवशी कलश घेऊन जा, दूध उतू घाला, देव ठेवा, आणि गाडी दुसऱ्या दिवशी आणा. त्या दिवशी लग्नाचा धडाका असतो, गाडी पण मिळत नाही आणि माणसं पण.

आणि एका मोठ्या गाडीपेक्षा छोट्या हत्तीच्या दोन खेपा करा. छोटा हत्ती साधारण पाऊण टन घेतो. पहिल्या खेपेत स्वयंपाकाचं, सासूबाईंचं आणि कुलर, चार दिवसांनी दुसऱ्या खेपेत बाकीचं. मधल्या चार दिवसात तुम्हाला आपोआप समजेल की गावचं निम्मं सामान तिथं लागतच नाही. भाडं ठरवताना तिसऱ्या मजल्यावर चढवून देण्यासकट ठरवा, ताडपत्री आणि दोरी कोणाची तेही आधीच बोला, नाहीतर खाली उतरवून ठेवून गाडीवाला निघून जाते. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ काढा, उभाच न्या, पोचल्यावर तीन-चार तास तसाच उभा राहू द्या आणि मग लावा.

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी, ती तुमच्या हातात. चहा-साखर, तवा, एक पातेलं, कणीक, मीठ, लायटर, मेणबत्ती, पेचकस, एक्स्टेंशन बोर्ड, सासूबाईंच्या गोळ्या, चार्जर. कागदपत्रांची पिशवी मिस्टरांच्या खांद्याला, ७/१२, ८-अ, बँकेची पुस्तकं, जातीचे दाखले सगळं त्याच्यात.

कागदाची कामं भराभर सांगते. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर गावच्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, डिपॉझिट परत मिळते, ते व्हाउचर अमरावतीच्या एजन्सीत दाखवून नवीन डिपॉझिट भरलं की तिथं कनेक्शन. उज्ज्वलाचं असेल तर डिपॉझिट आपण भरलेलंच नसते, त्यामुळं परत मिळायचा प्रश्न नाही. रेशनसाठी लगेच धावपळ नको, घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं असलं की अमरावतीच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळते. पोरीची टीसी शाळेनं लवकर द्यायला पाहिजे आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या लेकराला नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे, घाबरू नका. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ आहे, नाव एकाच ठिकाणी ठेवता येते एवढं लक्षात असू द्या. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे माहीत नसते म्हणून पुष्कळ लोक नुसत्या स्टॅम्प पेपरवर सही करून बसतात. मेंटेनन्स कोण भरणार ते करारात लिहून घ्या, आणि चावी मिळाली त्याच दिवशी वीज मीटरचा, भिंतींचा, नळांचा मोबाईलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

गावचं घर पूर्ण रिकामं करू नका. पोळ्याला, पेरणीला, अडीअडचणीला याल तेव्हा एक बाज, दोन गोधड्या, चार भांडी आणि चूल पाहिजे. मेन स्विच बंद, ड्रम-टाक्या पालथ्या, लाकडी सामान भिंतीपासून हातभर दूर म्हणजे उधई लागली तर दिसते. चावी शेजारच्या जाऊबाईंकडं आणि पंधरा दिवसांनी दारं-खिडक्या उघडायला सांगा. विजेचं बिल थोडंसं येतच राहील, बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाईलमध्ये ठेवून भरत जा, नाहीतर ऐन पोळ्याला घरी याल आणि कनेक्शन कापलेलं दिसेल.

प्रश्न: मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला. पुण्याला कंपनीत लागलो, तीन मित्र मिळून फ्लॅट घेतला आहे. वडील म्हणतात पलंग, गादी, टेबल, बाईक सगळं गाडी करून घेऊन जा, तिकडं सगळं महाग मिळते. काय करू?

उत्तर: भाऊ, वडिलांची माया आहे ती, पण पलंग नेऊ नको. भंडाऱ्याहून पुण्याला गाडीचं जे भाडं लागते त्याच्यात तिथं जुना पलंग आणि गादी दोन्ही येऊन पैसे उरतात, आणि मित्रांमधला एक जण सहा महिन्यात खोली सोडतो, मग त्या पलंगाचं काय करशील. बाईक मात्र ने, पुण्यात तिच्याशिवाय रोजचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाईक पाठवता येते, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि स्टेशनवर चिंध्या-गोणपाट गुंडाळून पॅक करून देणारे असतात, आरसे काढून पिशवीत घे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते, तिच्यात बाईक घेतात का ते पार्सल ऑफिसात एक-दोन दिवस आधी जाऊन विचार. राज्य तेच आहे त्यामुळं गाडीचा नंबर बदलायची भानगड नाही.

सोबत तांदूळ ने, आपल्या धानाचा. तिघांनी मिळून दहा-पंधरा किलो प्रत्येकी एका बॅगेत वाटून घ्या. आणि निघण्याआधी मित्रांशी एक बोलणं करून घे, डिपॉझिट कोणी किती भरलं, करारात तिघांची नावं आहेत का, मधेच कोणी सोडून गेला तर त्याचा वाटा कोण भरणार. हे व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. नंतर मैत्री याच्यावरूनच तुटते, मी आमच्या घरातल्या पोरांचं पाहिलं आहे.

प्रश्न: समुद्रपूर तालुक्यातलं गाव सोडून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी हिंगणघाटला फ्लॅटमध्ये आलो. घरचा मोठा लोखंडी कुलर आणला, पण सोसायटीवाले खिडकीला लावू देत नाहीत. कुलरशिवाय उन्हाळा कसा काढायचा?

उत्तर: काका, या बाबतीत मी सोसायटीच्या बाजूची आहे. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, वर लोखंडी पत्रा आणि मोटर, आणि खाली लेकरं खेळत असतात. खिडकीच्या ग्रिलवर ते वजन टाकायचं नाहीच. गॅलरी असेल तर जमिनीवर लोखंडी स्टँड करून कुलर गॅलरीत ठेवा आणि तोंड दारातून आत, सोसायटीवाले याला सहसा नाही म्हणत नाहीत. समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, बंद खोलीत कुलर नुसता ओल करते, थंडावा देत नाही.

पण काका, त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि तीस मिलीअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारं बटन, बसवून घ्या. आपल्याकडं दर उन्हाळ्यात लोखंडी कुलरचा शॉक लागून माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरताना. पाणी भरायच्या आधी बटन बंद करून प्लग काढायचाच, काकूंना पण तीच सवय लावा. जमलं तर पुढच्या वर्षी प्लास्टिक बॉडीचा घ्या, म्हातारपणी तो बरा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर त्याच साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे मच्छर होतात. आणि ओव्हरफ्लोची नळी गॅलरीच्या मोरीत सोडा, तशीच लोंबकळत ठेवली तर खालच्या घरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडते आणि मग तेच पुन्हा सोसायटीकडं जातात.